फायब्रॉइडचा सल्ला: नर्सिंग होमपासून पालिकेच्या ओपीडीपर्यंत, कुठे काय पदरात पडतं

"पिशवीत गाठी आहेत. मुलं झालीत ना? मग काढून टाकू, मोकळ्या व्हाल."

पाळीत अंगावरून फार जातं म्हणून दाखवायला गेलेल्या चाळिशीच्या बाईला हे वाक्य अनेकदा पहिल्याच भेटीत, सोनोग्राफीचा कागद पुरता उलगडायच्या आत ऐकवलं जातं. बाई पंचविशीची आणि अविवाहित असेल तर वाक्य बदलतं: "लग्न होऊ दे, मूल होऊ दे, आपोआप बरं होईल." दोन्ही वेळा फी घेतली जाते आणि दोन्ही वेळा सल्ला असा दिलेलाच नसतो. हे परीक्षण त्या सल्ल्याचं आहे. तपासणी फीच्या बदल्यात काय मिळायला हवं, वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्षात काय मिळतं आणि डॉक्टर ऐकूनच घेत नसतील तर पुढे काय करायचं, एवढंच यात आहे.

आमचा निकष सरळ आहे. डॉक्टरांनी गाठ नेमकी कुठे आहे ते सांगितलं का, आणि स्वतः करत नसलेले उपचारही पर्याय म्हणून समोर ठेवले का? या दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर दवाखाना कितीही चकचकीत असो, आम्ही पाचपैकी एकच तारा देऊ.

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची गाठ. ती कर्करोगाची नसते, आणि साध्या गाठीचा पुढे कर्करोग होतो ही भीतीही निराधार आहे. सार्कोमा नावाचा दुर्मीळ कर्करोग बहुतेकदा वेगळाच, स्वतंत्रपणे उगवतो. त्यामुळे "ठेवली तर कॅन्सर होईल" एवढ्या एका कारणावर पिशवी काढायला सांगणारा सल्ला तिथेच नापास. रजोनिवृत्तीनंतर वाढणारी गाठ किंवा एमआरआयमध्ये संशयास्पद दिसणारी गाठ ही वेगळी बाब. तिथे घाई योग्यच.

गाठ कुठे आहे यावर लक्षणं ठरतात आणि उपचारही. यासाठी फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेची शून्य ते आठ अशी वर्गवारी २०११ पासून वापरात आहे. शून्य म्हणजे पोकळीत देठाने लोंबणारी गाठ. एक म्हणजे निम्म्याहून कमी भाग भिंतीत, दोन म्हणजे निम्मा किंवा जास्त भाग भिंतीत. तीन पूर्ण भिंतीत, पण आतल्या अस्तराला टेकलेली. चार पूर्ण भिंतीतच. पाच आणि सहा बाहेरच्या बाजूला झुकलेल्या, सात बाहेरून देठाने लटकणारी, आणि आठमध्ये पिशवीच्या तोंडाशी असणाऱ्या व इतर. दोन सेंटिमीटरची एक नंबरची गाठ बाईचं हिमोग्लोबिन सहावर आणू शकते. सात सेंटिमीटरची सहा नंबरची गाठ वर्षानुवर्षं काही त्रास न देता पडून राहू शकते. "सात सेंटिमीटर! मग काढावीच लागेल," हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

आता रिपोर्ट. चांगल्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये गर्भाशयाची तिन्ही मापं, प्रत्येक मोठ्या गाठीची तिन्ही मापं, तिची जागा आणि फिगो प्रकार, आतल्या अस्तराची जाडी, दोन्ही अंडाशय आणि गाठी मोठ्या असतील तर मूत्रपिंडांची स्थिती असते. "बल्की युटेरस विथ मल्टिपल फायब्रॉइड्स, लार्जेस्ट ५.२ सेंमी" एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. "बल्की" या शब्दाला घाबरायचं कारण नाही. त्याचा अर्थ पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी, इतकाच. ती मोठी का, फायब्रॉइडमुळे की अ‍ॅडिनोमायोसिसमुळे (आतल्या अस्तराच्या पेशी पिशवीच्या स्नायूत शिरण्याचा आजार), हे कळायला हवं, कारण दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

तपासणी शक्यतो खालून करायची सोनोग्राफी असावी. अविवाहित मुलींना ती नको असेल तर लघवी तुंबवून पोटावरून करता येते. तेवढ्याने भागलं नाही तर एमआरआय. पोकळीतल्या गाठीचा संशय असेल तर पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी सगळ्यात स्पष्ट चित्र देते. अनेक डॉक्टर हिचं नाव काढत नाहीत. विचारावं लागतं.

"गाठ वाढतेय" हेही तपासून घ्यावं. दोन वेगळ्या सेंटरवर, दोन वेगळ्या हातांनी मोजलेली ४.१ आणि ४.६ सेंटिमीटर ही मापं म्हणजे वाढ असेलच असं नाही. उलट बाजूने, व्यास एका सेंटिमीटरने खरोखर वाढला तर आकारमान खूप वाढतं. आकारमान काढायला तिन्ही मापं गुणून त्याला ०.५२ ने गुणतात. पाच सेंटिमीटरच्या गोल गाठीचं आकारमान सुमारे ६५ मिली, सहा सेंटिमीटरच्या गाठीचं सुमारे ११२. हेच गणित उपचारानंतरही उपयोगी पडतं. "गाठ निम्मी होईल" असं सांगितलेलं असतं आणि नंतरच्या रिपोर्टमध्ये सहाऐवजी ४.८ आकडा दिसतो, म्हणून बायका फसवणूक झाल्यासारख्या चिडतात. प्रत्यक्षात आकारमान निम्मं झालं की व्यास तेवढाच होतो.

छोटं नर्सिंग होम: जवळ, ओळखीचं, पर्याय मात्र एक-दोन

जमेची बाजू मोठी आहे. डॉक्टर स्वतः भेटतात, तुमची बाळंतपणं त्यांनीच केलेली असतात, रात्री फोन उचलला जातो. उणी बाजू अशी की एकट्या डॉक्टरच्या नर्सिंग होममध्ये सहसा पोट उघडून किंवा खालून पिशवी काढण्याची सोय असते. गाठच काढून पिशवी शिवून ठेवण्याचं ऑपरेशन, म्हणजे मायोमेक्टॉमी, जास्त वेळखाऊ, जास्त रक्तस्रावाचं आणि शिवणकामाची सफाई मागणारं आहे. ज्याला ते सफाईने येत नाही तो डॉक्टर "तुमच्या केसमध्ये शक्यच नाही" म्हणतो. खरं वाक्य असं हवं: "मी करत नाही, पण अमुक ठिकाणी होतं." जे डॉक्टर हे मोकळेपणाने म्हणतात आणि चिठ्ठी देतात, त्यांना आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, मग त्यांचं नर्सिंग होम दोन खाटांचं का असेना.

इथे एक वाईट सवय वारंवार दिसते: "मिस्टरांना घेऊन या, मग बोलू." सज्ञान स्त्रीच्या ऑपरेशनला नवऱ्याची संमती लागते असा कायदा नाही. संमती त्या स्त्रीची स्वतःचीच लागते, हे समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीची पिशवी आणि अंडाशय, ती भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन काढले गेले होते. ती संमती न्यायालयाने वैध मानली नाही. नवरा सोबत असणं चांगलंच, पण "तुमचं काय ते ठरवा" हे डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून म्हणू नये.

बीडचं उदाहरण इथे टाळता येत नाही. ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं समोर आलं आणि २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. त्या तत्त्वांत जिल्हा पातळीवर देखरेख समित्याही आहेत. गाठ, पांढरं जाणं, "पिशवीला सूज", "पिशवीच्या तोंडावर फोड" अशा कारणांनी तिशीतच पिशवी काढायला सांगितलं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तारीख घेऊ नये.

औषधं: "घेऊन पाहिली, उपयोग झाला नाही"

सल्ल्यातला सगळ्यात उरकून टाकला जाणारा भाग हाच. औषध अपुऱ्या मात्रेत किंवा चुकीच्या दिवशी दिलं जातं, आणि मग "औषधांनी काही होत नाही, ऑपरेशनच" असा निष्कर्ष निघतो.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडचं उदाहरण घ्या. नेहमीची मात्रा पाळीच्या जास्त जाण्याच्या दिवसांत एक ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस. प्रत्यक्षात चिठ्ठीवर "एक-एक गोळी दोनदा" असतं, तीही तिसऱ्या दिवशी सुरू होते, जेव्हा निम्मं रक्त जाऊन चुकलेलं असतं. नीट घेतल्यास रक्तस्राव निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. गाठीचा आकार याने बदलत नाही, बदलायची अपेक्षाही नाही. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर हे औषध चालत नाही, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. सोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड दिलं की दुखणंही कमी होतं. आम्लपित्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते जपून.

नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्यांनी पाळी थांबते, बंद केल्यावर दोन-चार दिवसांत परत येते. लग्नकार्य किंवा ऑपरेशनपूर्वी रक्त भरून काढायची मुदत मिळवायला त्या ठीक. महिनोन्‌महिने त्यांच्यावरच ठेवणं म्हणजे निर्णय पुढे ढकलणं.

हार्मोनची तांबी, म्हणजे ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन, हा आमच्या मते सगळ्यात कमी सुचवला जाणारा चांगला पर्याय आहे. गाठी तीन सेंटिमीटरच्या आतल्या आणि पोकळीचा आकार बिघडवणाऱ्या नसतील तर ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात हा पहिला उपाय आहे. पहिले तीन ते सहा महिने थेंबथेंब डाग पडत राहतात. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी बायका दुसऱ्याच महिन्यात ती काढून घेतात. पोकळीत घुसलेली गाठ असेल तर तांबी निसटून पडण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्या बाईला ती सुचवणंच चूक.

ल्यूप्रोलाइडचं इंजेक्शन, महिन्याला ३.७५ मिलिग्रॅम, गाठ तात्पुरती आकुंचित करतं. ऑपरेशनआधी रक्त भरायला आणि मोठी पिशवी लहान करायला दोन-तीन डोस उपयोगी पडतात. पहिल्या दोन आठवड्यांत उलट रक्तस्राव वाढू शकतो. थांबवलं की गाठ पुन्हा वाढते, आणि सहा महिन्यांपलीकडे एकटं दिलं तर हाडं विरळ होतात. मायोमेक्टॉमीच्या आधी दिलं तर अगदी लहान गाठी सापडेनाशा होतात आणि मागे राहतात. म्हणून ते सर्रास देणारा सर्जन दिसला तर "का?" विचारावं.

युलिप्रिस्टल या गाठ आकुंचित करणाऱ्या गोळीबद्दल जुनी माहिती अजून फिरते. यकृताला गंभीर इजा झाल्याच्या घटनांनंतर युरोपात २०२० मध्ये त्याचा वापर फार मर्यादित केला गेला. कोणी ते महिनोन्‌महिने लिहून देत असेल आणि यकृताच्या तपासण्या सांगत नसेल तर डॉक्टर बदलावा.

आणि रक्त. हिमोग्लोबिन सात असताना "पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, दोन बाटल्या रक्त लावू" हा सल्ला तातडी नसेल तर आळशीपणाचा आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा. लोहाची गोळी दिवसातून एकदाच किंवा एक दिवसाआड, चहापासून लांब, लिंबूपाण्यासोबत. जुलाब-मळमळीमुळे जमत नसेल किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोज घ्यायचं तर २०० मिलिग्रॅमच्या अनेक खेपा लागतात. तीन-चार आठवड्यांत ऑपरेशनलायक रक्त भरतं, आणि एवढ्या काळात दुसरं मतही घेऊन होतं.

कॉर्पोरेट रुग्णालय: सगळं एका छताखाली, पण पॅकेज वाचून

मोठ्या शहरांतल्या साखळी रुग्णालयांत दुर्बिणीचे सर्जन, एमआरआय आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) एकाच इमारतीत असतात. तरी स्त्रीरोग विभागातून रेडिओलॉजी विभागाकडे चिठ्ठी सहजी जात नाही. विचारल्याशिवाय युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशनचं नाव निघत नाही. मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करायच्या, ही पद्धत फ्रान्समध्ये १९९५ पासून नोंदली गेलेली आहे. पिशवी राहते, पोटावर छेद नसतो, एक-दोन दिवसांत घरी जाता येतं. मात्र पहिले १२ ते २४ तास दुखणं जबरदस्त असतं. "काहीच दुखत नाही" म्हणणारं माहितीपत्रक खोटं बोलतंय. दुखण्यावर सलग वेदनाशामकाची काय सोय आहे हे आधी विचारा. नंतर आठवडाभर थोडा ताप आणि थकवा अपेक्षित. ताप वाढत गेला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला तर त्याच दिवशी परत जायचं. पोकळीजवळची गाठ काही आठवड्यांनी तुकड्यांत खाली पडू शकते.

एम्बोलायझेशनआधी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय हवाच. ज्या गाठीत रक्तपुरवठा आधीच संपलाय तिच्यावर हा उपचार करून हाती काही लागत नाही. पुढे मूल हवं असेल तर सहसा मायोमेक्टॉमीकडे कल असतो. चाळिशीच्या उत्तरार्धात अंडाशयांचं काम लवकर थांबण्याचा धोका वाढतो. ब्रिटनमधल्या फेम चाचणीत, जी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, २५४ स्त्रियांत दोन्हींची तुलना केली होती. दोन वर्षांनी दोन्ही गटांचं जगणं सुधारलेलं होतं, मायोमेक्टॉमीच्या गटाचं थोडं अधिक. म्हणजे एम्बोलायझेशन हा जादूचा उपाय नाही, पण त्याचं नावच न घेण्याइतका दुय्यमही नाही.

विम्याची एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. विमा नियामक आयआरडीएआयने ज्या बारा आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही असं ठरवलं, त्यांच्या यादीत एम्बोलायझेशन आणि हायफू (बाहेरून केंद्रित ध्वनिलहरींनी गाठ जाळण्याची पद्धत) आहेत, रोबोटिक शस्त्रक्रियाही आहे. कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून पॉलिसीतलं ते कलम दाखल होण्याआधी वाचा. बहुतेक पॉलिसींत फायब्रॉइड आणि पिशवी काढण्यासाठी पहिल्या २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, हेही.

पॅकेजच्या कागदावर काय बाहेर ठेवलंय ते पाहा: रक्त, गाठ बाहेर काढायची थैली, एनर्जी डिव्हाइसचे वापरून फेकायचे भाग, बायोप्सीचा खर्च, भूलतज्ज्ञाची फी. खोलीचा दर्जा वाढवला की सर्जनची फीसुद्धा वाढते, हे काउंटरवरची मुलगी स्वतःहून सांगत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं आकर्षण समजण्यासारखं आहे, पण प्रत्येक गाठ त्यासाठी नसते. पोकळीतल्या शून्य, एक आणि लहान दोन नंबरच्या गाठी खालून हिस्टरोस्कोपने, पोटाला हात न लावता काढता येतात. यात पिशवी फुगवायला वापरलेलं द्रव शरीरात किती मुरलं याचा हिशेब ठेवायलाच लागतो. सलाइन असेल तर २५०० मिली आणि ग्लायसिन असेल तर १००० मिलीचा फरक पडला की थांबायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरतं किंवा फुप्फुसात पाणी साठतं. दोन नंबरच्या मोठ्या गाठीला म्हणूनच कधी दोन बैठका लागतात. हे अपयश नव्हे, सावधपणा आहे.

पोटातून दुर्बिणीने गाठी काढताना हाताने चाचपता येत नाही. दहा-पंधरा गाठी असतील तर पोट उघडून केलेलं ऑपरेशन अनेकदा जास्त स्वच्छ होतं. गाठ तुकडे करून बाहेर काढायच्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामकाने २०१४ मध्ये इशारा दिला, कारण न ओळखलेला सार्कोमा पोटात पसरू शकतो. म्हणून "तुकडे बंद थैलीत करणार ना?" हा प्रश्न विचारायचाच.

सरकारी आणि पालिका रुग्णालय: वेळ द्या, मग मिळतं

मुंबईत केईएम, सायन, नायर, कामा, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. केसपेपर किरकोळ पैशांत निघतो, आणि पिशवी काढून कमाई करायची गरज कोणालाच नसल्यामुळे सल्ला तुलनेने निरपेक्ष असतो. त्रास गर्दीचा आहे. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्या दिवशी केसपेपरवर युनिटचा नंबर पाहून ठेवा आणि पुन्हा त्याच वारी या. चुकलात तर सगळी कथा नव्याने सांगावी लागते. आधी निवासी डॉक्टर बघतात. निर्णयासाठी "मॅडमना किंवा सरांना दाखवायचं आहे" असं नम्रपणे पण स्पष्ट म्हणा. खोलीत एका वेळी तीन पेशंट आणि सहा विद्यार्थी असतील. खासगी प्रश्न विचारायचा असेल तर पडद्यामागे तपासणीच्या वेळी विचारा.

एमआरआय, भुलीसाठी फिटनेस आणि ऑपरेशन थिएटर, या तिन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लागतात, आणि रक्तपेढीसाठी रक्तदाता आणायला सांगतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे वॉर्डातल्या कर्मचाऱ्याला न विचारता आरोग्यमित्राच्या खिडकीवर रेशन कार्ड आणि आधार घेऊन विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत ठेवा.

आमचं मत: तातडी नसेल आणि दोन-तीन महिने थांबता येत असेल, तर दुसऱ्या मतासाठी याहून चांगली जागा नाही. तुम्ही ऑपरेशन पुढे खासगीतच केलंत तरी.

डॉक्टर ऐकतच नसतील तर

भांडण करून काही मिळत नाही. कागद घेऊन जाण्याने मिळतं. दोन पाळ्यांची नोंद ठेवा. थोडं भिजलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गुठळीला १, मोठीला ५. एका पाळीची बेरीज शंभरावर गेली की रक्तस्राव जास्त मानतात. "खूप जातं" या वाक्याला "बायकांना जातंच" असं उत्तर मिळतं, पण "बेरीज २४० आहे, हिमोग्लोबिन ८.१" या वाक्याला तसं उत्तर देता येत नाही. नोंदीसोबत सीबीसी, फेरिटिन, टीएसएच आणि आजवरच्या सगळ्या सोनोग्राफी, जुन्यापासून नव्यापर्यंत क्रमाने लावा.

मग हे विचारा, याच क्रमाने: "गाठी फिगोच्या कोणत्या प्रकारच्या आहेत? माझी लक्षणं नेमक्या कोणत्या गाठीमुळे? पिशवी ठेवायची असेल तर कोणते पर्याय आहेत आणि त्यातले तुम्ही स्वतः कोणते करता? वर्षाला साधारण किती मायोमेक्टॉमी करता? काहीच केलं नाही तर सहा महिन्यांत काय होईल?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सगळ्यात मोलाचं असतं. लक्षणं नसलेल्या गाठीला उपचाराची गरजच नसते, सहा महिने ते वर्षाने सोनोग्राफी पुरते. पंचेचाळिशीनंतर किंवा लठ्ठपणा आणि पीसीओएस असताना अनियमित रक्तस्राव असेल तर अस्तराची बायोप्सी करणार का, तेही विचारा. या वयात तिच्याशिवाय कुठलीच योजना पक्की धरू नये.

"इतकं गूगल करून आलात तर तुम्हीच करा उपचार," असं उत्तर आलं तर वाद नको. "माझे कागद द्या, मला दुसरं मत घ्यायचं आहे," एवढं म्हणा. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, हे २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. दुसरं मत घेण्याचा हक्क रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनुसार ती सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावलेलं असायला हवं. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पहिल्याचं मत आधी सांगू नका. कागद द्या आणि त्यांना स्वतः बोलू द्या. ज्यांनी तुम्हाला पाठवलं त्यांच्या ओळखीतल्याच माणसाकडे दुसरं मत घेऊ नका. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, अजून संपलेली नाही.

न्यायाने हेही सांगायला हवं की कधी कधी पहिलाच डॉक्टर बरोबर असतो. पिशवी बेंबीपर्यंत आलीय, मूत्रनळ्यांवर दाब आहे, सोबत अ‍ॅडिनोमायोसिस आहे, औषधं नीट मात्रेत घेऊन झालीत, मूल नको आहे, आणि बाईलाच आता कायमचा सोक्षमोक्ष हवाय. अशा वेळी पिशवी काढणं हा उत्तम उपचार आहे. मायोमेक्टॉमीनंतर नव्या गाठी येऊ शकतात, पिशवी काढल्यावर नाही. फक्त "अंडाशयही काढून टाकू, कशाला ठेवायचे" याला सहज हो म्हणू नका. निरोगी अंडाशय पाळी जायच्या वयाआधी काढले तर हाडं आणि हृदय दोन्हींना किंमत मोजावी लागते. बीजनलिका काढणं वेगळं. त्याने पुढचा अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो.

तासाला एक याप्रमाणे सलग दोन तास पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल किंवा लघवी पूर्ण अडली असेल तर दुसरं मत वगैरे बाजूला ठेवून जवळच्या कुठल्याही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं.

संमतीपत्र भरताना कोरी जागा ठेवू नका. "मायोमेक्टॉमी" लिहिलेलं असेल आणि खाली छापील ओळीत "गरज पडल्यास गर्भाशय काढणे" असेल, तर कोणत्या परिस्थितीत, हे तिथेच हाताने लिहून घ्या: "अन्य उपायांनी न थांबणारा जीवघेणा रक्तस्राव." अंडाशयांबद्दल वेगळी ओळ हवी. सही मराठी प्रतीवर करा; इंग्रजी प्रत असेल तर वाचून दाखवायला सांगा. ऑपरेशननंतर काढलेला प्रत्येक भाग पॅथॉलॉजीला गेला याची खात्री करा आणि तो रिपोर्ट हाती घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका. मायोमेक्टॉमी झाली असेल तर डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या: किती गाठी काढल्या, त्या भिंतीत किती खोल होत्या आणि पोकळी उघडली गेली का. पुढे दिवस राहिले तर बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, हे ठरवताना तेव्हाचे डॉक्टर नेमकं हेच विचारतील.